न घडलेल्या चिलखताचा रंग : युद्धक्रीडेतील लघुमूर्तींच्या रंगलेपाचा ऐतिहासिक विचार

शस्त्रास्त्रांच्या इतिहासाचा अभ्यासक सामान्यतः लोखंडापासून आरंभ करतो. चिलखत कोठे घडले, त्याला पाणी कसे दिले गेले, कोणत्या आघाताला ते पुरे पडले आणि कोणत्या आघातापुढे निरुपयोगी ठरले, असे त्याचे प्रश्न असतात. परंतु १९८७ पासून इंग्लंडमध्ये आणि तेथून इतरत्र असे एक चिलखत फार मोठ्या संख्येने तयार होत आले आहे की, जे कोणाही सैनिकाने कधी अंगावर चढविले नाही व चढविण्याचा संभवही नाही. त्याची उंची दीड इंचाहून कमी, द्रव्य प्लॅस्टिक किंवा कथील, आणि काळ म्हणाल तर इसवी सनाच्या एकेचाळिसाव्या सहस्रकातला. ‘वॉरहॅमर ४०,०००’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, टेबलावर मांडून खेळावयाच्या युद्धक्रीडेतील सैनिकांचे व रणगाड्यांचे हे चिलखत होय. त्याच्या घडणीचा इतिहास साचे घडविणाऱ्यांच्या इतिहासात सामावतो. त्याच्या रंगाचा इतिहास मात्र स्वतंत्र आहे, आणि तो अद्याप कोणी गंभीरपणे हाती घेतल्याचे दिसत नाही.

विषय खेळण्यांचा, तेव्हा तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि इतिहासाला साधन लागते, आणि साधन थोर असावे असा काही नियम नाही. प्रस्तुत लेखात इतकेच मांडावयाचे आहे की, ह्या भविष्यकालीन चिलखतावर जो गंज, जो चिखल आणि जे ओरखडे रंगविले जातात ते भविष्यातून आलेले नाहीत. ते १९१६ ते १९४५ ह्या काळातील युरोपच्या रणभूमीवरून आलेले आहेत. ते कोणत्या वाटेने आले हे आज बऱ्याच अंशी दाखविता येते. मात्र ज्या वस्तूंच्या आधारे ते दाखवावयाचे त्या वस्तू, त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांच्याच हातून, दररोज पुसल्या जात आहेत.

आपल्याकडे दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर जे मातीचे मावळे मांडतात, त्यांना मराठीत मूर्ती न म्हणता ‘चित्रे’ म्हणतात. बोलीने केलेली ही निवड मोठी डोळस आहे. इतक्या लहान आकाराला रंगाखेरीज रूप नाही, हे त्या शब्दाने सहज मान्य करून टाकले आहे. ह्याचे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. मनुष्याची आकृती २८ मिलिमीटर उंचीची केली की प्रमाण सुमारे एकास साठ असे पडते. म्हणजे एक मीटर अंतरावरून ती पाहणे हे साठ मीटरांवरचा माणूस पाहण्यासारखे झाले. आकृती साठपट लहान करता येते, पण खोलीतला दिवा, त्याचा प्रकाश आणि आपला डोळा साठपट लहान होत नाही. चिलखताच्या दोन पत्र्यांमधील फट खऱ्या आकारात गडद सावली धरील. लघुमूर्तीत ती फट केसाएवढी उरते आणि सावली नाहीशी होते. जी सावली पडत नाही ती मग रंगवावी लागते, जी कड चमकत नाही ती उजळ रेषेने ओढावी लागते. रंगलेप जाड झाला तर आणखी एक अडचण उभी राहते. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा जाड थर बसला, तर त्या चिमुकल्या सैनिकाच्या मानाने तो तीन मिलिमीटर जाडीचा गिलावाच होतो.

ही जाणीव मात्र पुष्कळ उशिरा आली. आधुनिक युद्धक्रीडेच्या आरंभी रंगाकडे ह्याहून साधे काम होते. प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांपैकी पुत्राने १८२४ साली जी युद्धक्रीडा नियमबद्ध केली, तिच्यात तांबडे व निळे ठोकळे दोन पक्ष दाखवीत. रंग म्हणजे केवळ पक्ष. त्याच शतकात न्यूरेंबर्ग येथे चपट्या कथिली सैनिकांचा धंदा भरभराटीस आला (हाइनरिक्सनची प्रसिद्ध पेढी १८३९ ची), आणि रंगाने पक्षाबरोबर पलटणही सांगावयास आरंभ केला. लंडनमधील विल्यम ब्रिटन ह्याच्या कारखान्याने १८९३ पासून पोकळ ओतीव शिशाचे स्वस्त सैनिक काढले, तेव्हा गणवेशाच्या गळपट्टीचा व पाटलोणीवरील पट्टीचा रंग बरोबर असणे हा विक्रीचाच एक मुद्दा झाला. हे रंगकाम बव्हंशी उक्त्या मजुरीवर काम करणाऱ्या स्त्रिया करीत. संग्राहक आज त्या सैनिकांना मोठ्या किमती देतात, आणि ज्या हातांच्या रंगावर ती किंमत ठरते त्या हातांची नावे त्यांना ठाऊक नसतात.

ह्या सैनिकांना टेबलावरून दिवाणखान्याच्या जमिनीवर उतरविण्याचे श्रेय एच्. जी. वेल्स ह्यांना देण्याची प्रथा आहे. १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ ह्या पुस्तकात त्यांनी खेळातील तोफेच्या लाकडी गोळ्यांनी शिशाचे सैनिक पाडावयाचे नियम दिले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने वेल्स ह्यांचे दुसरे एक लेखन अधिक महत्त्वाचे आहे. १९०३ साली ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ ह्या कथेत त्यांनी जमिनीवरून चालणाऱ्या पोलादी युद्धनौकांची कल्पना रंगविली होती. विज्ञानकथेतील चिलखती वाहन आणि पटावरची युद्धक्रीडा ह्या दोन्ही गोष्टींशी एकाच लेखकाचे नाव जोडलेले असावे हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. तथापि त्याला योगायोगापेक्षा अधिक महत्त्व देऊ नये. कारण वेल्स ह्यांच्या खेळात ह्या पोलादी नौका कोठेही नाहीत, आणि त्यांचे सैनिक झगझगीत इनॅमलचे, स्वच्छ व नवे कोरे आहेत. चिखल अद्याप यावयाचा होता.

तो १५ सप्टेंबर १९१६ रोजी आला. त्या दिवशी सोमच्या लढाईत, फ्लेर्सच्या परिसरात, ब्रिटिश रणगाडे प्रथम रणांगणावर उतरले. ह्या पहिल्या रणगाड्यांवरचा रंग सॉलोमन जोसेफ सॉलोमन ह्या रॉयल अकॅडमीच्या सदस्याने योजलेला होता. व्यक्तिचित्रे व पौराणिक विषयांवरील मोठे पट रंगविण्यात आयुष्य गेलेल्या ह्या चित्रकाराने लोखंडी राक्षसाच्या अंगावर हिरव्या, तपकिरी व इतर छटांचे ठिगळ उमटविले. चिखलापुढे त्या नाजूक रंगसंगतीचा पाड लागला नाही, आणि पुढे साध्या एकरंगी तपकिरीवर काम भागविण्यात आले. पण चिलखती वाहन जन्मतःच चित्रकाराच्या स्वाधीन झाले होते, हे खरे. आणि चित्रकाराच्या रंगावर चिखलाने केलेली मात हेच पुढे स्वतंत्र चित्रविषय होऊन बसावयाचे होते.

दुसऱ्या महायुद्धात ह्या चित्रविषयाला आणखी एक अंग लाभले. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने रणगाड्यांचा पायाचा रंग राखाडीऐवजी गडद पिवळा ठरविला. हिरवा व तांबूस तपकिरी हे दोन रंग घट्ट लगद्याच्या स्वरूपात पलटणींकडे धाडले जात. पलटणीने ते पाण्यात वा पेट्रोलमध्ये सैल करून, असेल त्या साधनाने, आपल्याच हाताने रणगाड्यावर चढवावयाचे. परिणामी एकासारखा दुसरा रणगाडा राहिला नाही. लगदा पाण्यात कालविला असेल तर पावसाने तो वाहून जाई आणि खालचा पिवळा उघडा पडे. लष्करी इतिहासात ही बाब तळटीपेच्या योग्यतेची समजली जाईल. पण छोटे रणगाडे रंगविणाऱ्यांच्या दृष्टीने ती जवळजवळ सनद ठरली. गणवेशाच्या रंगात जेथे एकच बरोबर उत्तर असते, तेथे रणगाड्याच्या रंगात इतिहासानेच अनेक उत्तरांना मान्यता दिलेली होती. ह्यापुढे रंगविणाऱ्याने सिद्ध करावयाचे ते इतकेच की, आपण रंगविलेली झीज अशा यंत्राच्या बाबतीत संभवनीय होती.

युद्धानंतर प्लॅस्टिकचे जुळणीसंच आले. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत पँथर रणगाड्याचा जो संच काढला, त्याचे एकास पस्तीस हे प्रमाण आत विजेऱ्या व मोटार मावावी म्हणून ठरले होते. पुढे तेच प्रमाण जगभर रूढ झाले. संच स्वस्त झाल्यावर रंगविण्याचे शास्त्र वाढले. गडद रंग अगदी पातळ करून खोलगट भागांत ओघळू द्यावयाचा. तो वाळल्यावर जवळजवळ कोरडा केलेला कुंचला उजळ रंगाने उंचवट्यांवरून फिरवावयाचा. ह्या दोन हातांनी सावली व उजेड दोन्ही साधतात. ही रीत बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हेर्लिंडेन ह्यांनी १९७० व १९८० नंतरच्या दशकांत पुस्तके व छायाचित्रे ह्यांच्या द्वारे घरोघर पोहोचविली. अमेरिकेत शेपर्ड पेन ह्यांनी त्याच सुमारास छोट्या देखाव्यांत कथा सांगण्याचे तंत्र सिद्ध केले. त्यांच्या देखाव्यात रणगाडा एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट चिखलात रुतलेला असे. रंगाचे काम आता पक्ष किंवा पलटण सांगण्यापुरते उरले नाही. वस्तूवर काय काय गुजरले हे तो सांगू लागला.

येथून विज्ञानकथेकडे जाणारा पूल चक्क ह्याच संचांच्या तुकड्यांनी बांधलेला आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटासाठी जी अवकाशयाने बनविली, त्यांच्या पृष्ठभागावरील असंख्य बारीकसारीक यंत्रावयव रणगाड्यांच्या व इतर यंत्रांच्या बाजारी संचांतून काढून चिकटविलेले होते, आणि त्यांच्यावर काजळी व झीज रंगविण्यात आली होती. त्यापूर्वीच्या चित्रपटांतील भविष्यकाळ बहुधा इस्पितळासारखा स्वच्छ असे. जुना, मळका, वापरलेला भविष्यकाळ सामान्य प्रेक्षकाने पाहिला तो येथे. जपानमध्ये कोऊ योकोयामा ह्यांनी १९८२ पासून ‘हॉबी जपान’ मासिकात ‘एसएफथ्रीडी’ ह्या नावाने जी चिलखती यंत्रे प्रसिद्ध केली, त्यांत हा संबंध आणखी उघड आहे. जर्मन रणगाड्यांच्या संचांतील भाग, त्याच पद्धतीचे ठिगळरंग, तीच सोलवटलेली कड. आत बसलेला सैनिक मात्र एकोणतिसाव्या शतकातला. शरीराला शक्ती पुरविणाऱ्या यांत्रिक चिलखताची साहित्यिक कल्पना रॉबर्ट हाइनलाइन ह्यांच्या १९५९ च्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ ह्या कादंबरीने रूढ केली असली, तरी त्या चिलखताचे कातडे रणगाड्याचे असावे हे कादंबरीने सांगितले नव्हते. ते रंगविणाऱ्यांनी ठरविले.

आता इंग्लंडकडे वळू. १९७५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉप ह्या कंपनीशी संलग्न अशी सिटाडेल ही लघुमूर्ती ओतणारी संस्था १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यूअर्क येथे उभी राहिली. रिक प्रीस्टली ह्यांनी लिहिलेला ‘रोग ट्रेडर’ हा ग्रंथ १९८७ साली निघाला आणि त्याच वर्षी तीस प्लॅस्टिक चिलखती सैनिकांची पेटी बाजारात आली. येथे रंगविणाऱ्यापुढे अगदी नवा प्रश्न उभा राहिला. नेपोलियनचा शिपाई रंगवावयाचा तर संग्रहालयात जावे, गणवेशांवरील ग्रंथ पाहावा. ह्या सैनिकाचे संग्रहालय कोठे? साधन नसलेल्या काळाचे प्रामाण्य कोणी द्यावयाचे?

ते प्रकाशकाने दिले. ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकातील रंगीत पृष्ठे, माइक मॅकव्हे प्रभृती पगारी रंगकारांचे नमुने, जॉन ब्लँश ह्यांची तांबूस-पिंगट, धुरकट चित्रे आणि १९८७ पासून भरू लागलेली ‘गोल्डन डीमन’ स्पर्धा ह्यांतून एक पुराभिलेखागारच उभे राहिले. प्रत्येक पथकाचा रंग ठरला: निळे, तांबडे, पिवळे. निळ्या पथकाचे ‘अल्ट्रामरीन्स’ हे नाव तर सरळ रंगद्रव्याचेच नाव आहे. बदखशानच्या खाणींतून समुद्रापार युरोपात जाणाऱ्या राजावर्त मण्याच्या पुडीला तेथील चित्रकारांनी दिलेले ते नाव, एकेचाळिसाव्या सहस्रकातल्या योद्ध्यांना चिकटले.

साधनचिकित्सेच्या दृष्टीने ‘डार्क एंजल्स’ ह्या पथकाचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. आरंभीच्या चित्रांत ह्यांचे चिलखत काळे आहे. पुढे प्रकाशकाने ते गडद हिरवे केले. काही काळाने कथेतच असे सांगण्यात आले की, हे पथक प्राचीन काळी काळे चिलखत वापरीत असे व एका महायुद्धानंतर त्याने हिरवे स्वीकारले. म्हणजे रंगशाळेतील एक निर्णय कल्पित इतिहासातील घटना होऊन बसला. एखाद्या गावाच्या नावाची फोड विसरली गेली म्हणजे मागाहून माहात्म्य रचले जाते आणि त्यात देव व दैत्य येऊन ते नाव ठेवून जातात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे मूळ कारण व माहात्म्य ह्यांत काही शतकांचे नव्हे, थोड्याच वर्षांचे अंतर आहे, आणि दोहोंचे छापील पुरावे उपलब्ध आहेत. माहात्म्ये कशी तयार होतात हे ज्याला पाहावयाचे आहे त्याला याहून सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल.

रंगद्रव्याच्या भौतिक मर्यादांनीही ह्या कल्पित इतिहासात आपला भाग उचलला. ॲक्रिलिक रंगांत पिवळ्याची झाकण्याची शक्ती बेताची. काळ्या अस्तरावर तो हिरवट व डागाळ दिसतो, आणि चारपाच पातळ हात दिल्याखेरीज एकसारखा बसत नाही. शंभर सैनिकांची पिवळी फौज रंगविणे म्हणूनच मोठ्या चिकाटीचे काम मानले जाई. २००७ साली सिटाडेलने अधिक रंगद्रव्य घातलेले पायाचे रंग काढले तेव्हा ही अडचण पुष्कळशी दूर झाली. २०१९ मध्ये उजळ अस्तरावर एकाच हातात सावली व उजेड दोन्ही देणारे ‘कॉन्ट्रास्ट’ रंग आले. उंचवट्यांवरून रंग ओघळून खाली साठावा अशी त्यांची घडण आहे. व्हेर्लिंडेनच्या काळी जे हाताचे कसब होते ते आता बरेचसे बाटलीत भरलेले आहे. ह्याबद्दल जुने रंगकार हळहळतात. प्रस्तुत लेखकास ही हळहळ पूर्णपणे पटत नाही. ज्याला संध्याकाळचा एक तास मिळतो त्याची फौज पूर्वी करड्या प्लॅस्टिकचीच राही.

१९९० नंतरच्या दशकात कंपनीची अधिकृत शैली झगझगीत होती: शुद्ध तांबडे, शुद्ध पिवळे, प्रत्येक कडेवर रेखीव उजळ रेघ आणि बैठकीची कड हिरवीगार. ही शैली रणगाड्याची नव्हे, ब्रिटनच्या कारखान्यातील सैनिकांची वारस म्हणावी लागेल. पण वाहनांचे आकार तोवर भलतीकडूनच आले होते. १९८८ च्या सुमाराचा ‘लँड रेडर’ सर्व अंगाला वळसा घालणाऱ्या पट्ट्यांमुळे व बाजूच्या तोफांमुळे सॉलोमनने रंगविलेल्या रणगाड्याचा सरळ वंशज दिसतो. ‘ऱ्हायनो’ हे सैन्यवाहक वाहन तर व्हिएतनाममध्ये वापरलेल्या अमेरिकी एम-११३ ह्या वाहनाची आठवण करून देते. आकार युद्धातले आणि रंग खेळण्यातले, असा हा विसंवाद फार काळ टिकणे शक्य नव्हते. शतकाच्या वळणावर फोर्ज वर्ल्ड ह्या कंपनीच्याच शाखेने राळेचे मोठे रणगाडे व ‘इंपीरियल आर्मर’ ही ग्रंथमाला काढली, आणि तिच्या पानांवर दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्यांची सारी झीज अवतरली. स्पेनमधील मिग हिमेनेझ ह्यांच्यासारख्या रणगाडे रंगविणाऱ्यांनी प्रचारात आणलेली कोरडी रंगपूड, गंजाचे ओघळ, केसांवर मारावयाच्या फवाऱ्याचा थर मध्ये देऊन वरचा रंग ओल्या कुंचल्याने सोलून काढण्याची युक्ती, हे सर्व विज्ञानकथेतील चिलखतावर जसेच्या तसे आले.

येथे एक आक्षेप नोंदविणे अवश्य वाटते. १९४३ चा गंज उसना घेताना त्या रणगाड्यात कोण बसले होते व ते कोठे निघाले होते, हे बरोबर येत नाही. रणगाड्याचा ऐतिहासिक लघुनमुना रंगविणाऱ्यास निदान पलटणीचे नाव व लढाईची तारीख शोधावी लागते, आणि शोधता शोधता त्याला जे नको ते वाचावे लागते. भविष्यकाळाच्या रंगकारावर असे कोणतेही बंधन नाही. झीज सुंदर होते. ती कशाने झाली हे विचारावयास कोणी उरत नाही. ह्यावर असे उत्तर देता येईल की, ‘वॉरहॅमर’ची कथा मुळातच उपरोधाची आहे आणि तिच्यातील साम्राज्य निंदेसाठीच रचलेले आहे. उत्तर काही अंशी खरे आहे. परंतु उपरोध शब्दांत असतो. रंगात तो टिकतो काय, ह्याविषयी शंका राहते.

आता साधनांविषयी. जर्मनीत कुल्मबाख येथे प्लासेनबुर्ग किल्ल्यात कथिली सैनिकांचे संग्रहालय आहे व चपट्या सैनिकांचा अभ्यासक तेथे जाऊ शकतो. आपल्या विषयाचे सर्वांत मोठे प्रदर्शन नॉटिंगहॅम येथे, म्हणजे निर्मात्याच्याच घरी आहे, आणि तेथे साहजिकच उत्कृष्ट नमुने दिसतात. साधारण नमुने, म्हणजे शाळकरी मुलाने १९८९ साली इनॅमलने रंगविलेला सैनिक, अस्तर न देता चढविलेला रंग, मासिकातील चित्राची चुकलेली नक्कल, हे सारे घरोघरीच्या पेट्यांत आहेत. इतिहासकाराला नेमके हेच हवेत. शैलीचा प्रसार कितपत झाला हे उत्कृष्ट नमुन्यावरून कधीच कळत नाही. आणि ह्याच वस्तूंवर संकट आहे. हौशी लोक जुने सैनिक विकत घेतात, जुना रंग उतरवितात आणि नव्याने रंगवितात. इंग्लंडात त्यासाठी आपल्या घराघरांत असते तेच डेटॉल वापरण्याची चाल आहे. काही काळ त्यात बुडवून ठेवले की ॲक्रिलिक रंग मऊ पडतो आणि दात घासण्याच्या जुन्या कुंचल्याने निघून येतो. मूर्ती नवी होते. तिचा इतिहास कपाच्या तळाशी चिकट गाळ होऊन राहतो. शिशाच्या मूर्तींचे दुसरेही एक दुखणे आहे: ओकच्या लाकडी कपाटातील आम्ल बाष्पाने शिसे पांढरे पडून भुकटी होऊ लागते. पण त्यावर संग्रहालयांना उपाय ठाऊक आहेत. हौसेवर उपाय नाही.

रंग उतरवू नका, असे मालकाला सांगण्याचा अधिकार संशोधकाला पोहोचत नाही. उतरविण्यापूर्वी चारी बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि खरेदी कोठून, मूळ मालक कोण्या गावचा, एवढे टिपून ठेवावे, इतकी विनंती मात्र करता येईल. विद्यार्थ्यांपैकी कोणास अशा मूर्ती हाताळण्याची संधी मिळाली, तर त्याने प्रथम बैठक उलटी करून पाहावी. वरचा सैनिक धुतला गेला, बैठकीची कड पुढील रुचीनुसार काळी वा तपकिरी केली गेली, तरी खालच्या पोकळीत कुंचला सहसा कोणी नेत नाही. १९९० नंतरच्या त्या हिरव्या रंगाचे शिंतोडे तेथे पुष्कळदा तसेच राहिलेले असतात.